अख्तरबींचं पुस्तक आणि माझा रिकव्हरी मोड

आमच्या उंब्रजमध्ये कम्प्युटर कळणारी माणसं दोन. पहिला मी. दुसऱ्याचं नाव मला अजून समजलेलं नाही.

हे मी गेल्या वर्षीपर्यंत चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे. आमचं ‘श्री जोतिबा छपाई केंद्र’ बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. पुढं दुकान, मागं घर. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, दशक्रियेची कार्डं आणि निवडणूक आली की दोन्ही पार्ट्यांची हँडबिलं. माणसाच्या आयुष्यात छापण्यासारखं जे काही घडतं, ते सगळं माझ्या एका कम्प्युटरमधून बाहेर पडतं. नऊ वर्षं झाली, मशीन तेच. त्याचा सीपीयू, म्हणजे टेबलाखाली उभा असतो तो डबा, मी एकदाही उघडू दिलेला नव्हता. कुणी विचारलं, ‘‘नानासो, एवढं कसं काय टिकलं हे?’’ की मी डोळे मिटून म्हणायचो, ‘‘श्रद्धा लागती.’’

आणि श्रद्धा होतीच. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम उदबत्तीचं. जोतिबाच्या फोटोला एक, गल्ल्याला एक आणि कम्प्युटरला एक. सीपीयूच्या पुढच्या अंगाला बारीक भोकांची जाळी असते. कंपनीनं ती भोकं उदबत्तीच्या काडीचं माप घेऊनच पाडली असावीत, इतकी काडी त्यात फिट बसते. शिवाय एक चमत्कार मी नऊ वर्षं पाहत होतो. बाकी ठिकाणी उदबत्तीचा धूर वर जातो. माझ्या कम्प्युटरच्या उदबत्तीचा धूर सरळ आत जायचा! मशीन नैवेद्य स्वीकारतंय, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

अशा मशीनवर माझा इतका विश्वास बसला की गेल्या दिवाळीत मी घरात जाहीर केलं, ‘‘आजपासनं दुकानात कागद साठवायचा नाही. सगळं कम्प्युटरमध्ये.’’ छापखान्याच्या मालकानं कागदावर बहिष्कार घालावा, हे रेश्माला, म्हणजे आमच्या मंडळींना, काही पटलं नाही. पण मी ऐकतोय कसला. तीन पोती कागद रद्दीत घातला आणि मोकळ्या झालेल्या फळीकडं दिवसभर कौतुकानं बघत बसलो.

आता अख्तरबींबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरं तर त्यांची आहे. मी मध्ये मध्ये आलोय तो धूर करायला.

अख्तरबी आमच्या गावात चाळीस वर्षं शिवणाचा क्लास घेतात. उंब्रज आणि आसपासच्या गावांतल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेल्यात. माझी बहीण गेली, रेश्मा गेली. त्यांचे मालक इलाहीभाई शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. ते वारले तेव्हा गावाला वाटलं, आता मशीन बिघडलं की कऱ्हाड गाठावं लागणार. चाळिसाव्या दिवसानंतर अख्तरबींनी इलाहीभाईंची हत्याराची पिशवी खांद्याला लावली आणि पहिलं मशीन दुरुस्त करून दिलं. शाळा तिसरीपर्यंत. लिहायचं म्हटलं तर हात अडखळतो, पण आकडा आणि आकृती कधी चुकत नाही. चाळीस वर्षांत जे जे कापलं, त्याची मापं आणि चित्रं त्यांनी एका जाड वहीत काढून ठेवली होती. पाठीला बाक असलेल्या बाईचा ब्लाउज कसा बेतायचा, एक खांदा उतरता असेल तर बाही कशी वळवायची, असल्या गोष्टी, ज्या कुठल्या पुस्तकात मिळत नाहीत.

त्यांच्या एका शिष्येकडून ही वही सांगलीच्या समीक्षा मॅडमच्या पाहण्यात आली. मॅडम तिथं मुलींच्या शिवणकाम संस्थेच्या प्रमुख. त्या मुद्दाम उंब्रजला आल्या, वही मांडीवर घेऊन दोन तास बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘याचं पुस्तक करा. आम्ही अभ्यासाला लावतो.’’

पुस्तक करायचं काम अर्थात माझ्याकडं आलं. आठ महिने अख्तरबी दुपारी दुकानात येऊन सांगायच्या आणि मी टाइप करायचो, वहीतल्या आकृत्या कम्प्युटरवर काढायचो. त्या आठ महिन्यांत मी इतका तयार झालो की लग्नात मी बायकांच्या ब्लाउजकडं बघतो अशी रेश्माची तक्रार सुरू झाली. मी फक्त बाही जोडतात त्या मुंढ्याची गोलाई बघत होतो. तिला पटलं नाही, तो भाग वेगळा.

पुस्तक पुरं झालं. संस्थेची बैठक बुधवारी दुपारी चार वाजता होती. त्याच्या आत फाइल पोचली तर पुस्तक यंदा लागणार, नाहीतर विषय पुढच्या वर्षावर. आणि पुढच्या वर्षी समीक्षा मॅडम निवृत्त. मागून येणारा कोण, त्याला वहीची किंमत कळणार का, काही भरवसा नाही. अख्तरबी एकदाच म्हणाल्या होत्या, ‘‘माझ्यामागं ही मापं मातीत जायाला नगोत, नाना. एवडंच बग.’’

फाइल मंगळवारी पाठवता आली असती. पण ज्याच्या हाताशी एवढं मशीन आहे त्यानं घाई करायची नसते, असं माझं तेव्हाचं मत होतं.

बुधवारी दहा वाजता अख्तरबी आल्या. ठेवणीतली शाल, हातात तस्बीह, म्हणजे जपाची माळ, खांद्याला नेहमीची पिशवी.

‘‘आवं चाची, तुमी कशाला तरास घेतला? मी पाठवलं असतं की.’’

‘‘पुस्तक सांगलीला निगालंय. त्येला वाटंला लावायला नगो व्हय?’’ त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून मशीनसमोर बसल्या.

सकाळपासून पत्रिकांचं चाललेलं काम मी बंद केलं, आणखी एक उदबत्ती लावली, काडी जाळीत खोवली. पडद्यावर जोतिबाचा फोटो आला. मी हात उंचावून म्हणालो, ‘‘आता बघा हां, एका मिनटात सांगली.’’ फाइलवर बोट ठेवलं आणि पडदा काळा झाला. आतल्या पंख्याचा आवाजही थांबला.

‘‘पोचलं का?’’ अख्तरबींनी विचारलं.

‘‘निघतंय,’’ मी म्हणालो.

त्यांना चहा पाजून अर्ध्या तासानं पुन्हा बटण दाबलं. या वेळी जोतिबा आलेच नाहीत. त्याऐवजी सूचना आली की मशीन नीट सुरू झालं नाही, दुरुस्ती करायची का? मी खूश झालो. कारण यालाच रिकव्हरी मोड म्हणतात हे उंब्रजमध्ये फक्त मला माहीत होतं. रिकव्हरी मोड म्हणजे कम्प्युटर आजारी पडला की त्याला आपलं आपण बरं व्हायला एका बाजूला बसवतात, ती खोली. मी अख्तरबींना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि तस्बीहचे मणी ओढायला लागल्या. पडद्यावर ठिपक्यांचं गोल चाक फिरत राहिलं. फिरलं, फिरलं आणि मध्येच सगळं गप्प.

बरं व्हायच्या खोलीत जाऊन पेशंटच आडवा!

मी दोन उदबत्त्या लावल्या. पुन्हा रिकव्हरी मोड. पुन्हा चाक. पुन्हा गप्प, आणि या वेळी पहिल्यापेक्षा लवकर. मग मी माझं सगळं ज्ञान पणाला लावलं. माउस काढून परत लावला. प्लगची जागा बदलली. व्होल्टेज कमी पडत असेल म्हणून घरातला फ्रिज, पंखा आणि रेश्मा चटणी वाटत होती तो मिक्सर बंद केला. सीपीयूचं तोंड पूर्वेकडं केलं. तिसऱ्या खेपेला पाच उदबत्त्या, चौथ्या खेपेला अकरा. जाळीत आता भोकं कमी आणि काड्या जास्त दिसत होत्या. धूर नेहमीसारखा आत जात होता, पण मशीन तिसऱ्यांदा लगेच आणि चौथ्यांदा चाक दिसताक्षणीच बंद पडलं.

धुराचा वास गल्लीत गेला. शेजारच्या सायकल दुकानाचा कृष्णात आत डोकावला. हा फौजेतून रिटायर झालेला, त्यामुळं कुठंही शिरताना आधी परिस्थितीचा अंदाज घेतो. त्यानं अकरा उदबत्त्या पाहिल्या, शाल पांघरून माळ ओढणाऱ्या अख्तरबी पाहिल्या, हात जोडून उभा असलेला मी पाहिला. चपला बाहेर काढून तो कोपऱ्यात मांडी घालून बसला.

‘‘कृष्णातराव, काय पायजे?’’

‘‘परसाद झाल्याबिगार उठत न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘शेजारी असून बोलावलं न्हाईस, ती गोष्ट निराळी.’’

त्याला खरी गोष्ट सांगितली, तेव्हा त्याचा चेहरा गंभीर झाला. म्हणाला, ‘‘फौजेत असं मशीन बंद पडलं की आमी आदी वरच्या सायबाला कळवायचो.’’

वरचा साहेब म्हणजे कऱ्हाडचा शाहनवाज. कम्प्युटर दुरुस्तीतला पक्का माणूस. त्याला फोन करायचा म्हणजे उंब्रजमध्ये मी एकटाच जाणकार नाही हे कबूल करण्यासारखं होतं, म्हणून तासभर टाळलं होतं. आता केला. त्याला रेंज मिळेना. चार वेळा लागला, चार वेळा तुटला. शेवटी बाहेर रस्त्यावर जाऊन बोललो तेव्हा कळलं, तो कवठे महांकाळला एका कामावर होता आणि उद्याशिवाय येऊ शकत नव्हता.

‘‘रिकव्हरी मोडमधी पन बंद पडतंय?’’ तो म्हणाला. ‘‘मग हितनं मी काय सांगू? लयच अर्जंट असलं तर फॉरमॅट मारा.’’

आत येऊन मी अख्तरबींना ते सांगितलं.

‘‘फॉरमॅट म्हंजी काय?’’

‘‘म्हंजी आतलं सगळं पुसायचं आणि मशीन नव्यानं सुरू करायचं.’’

‘‘म्हंजी शिलाई उसवायची, का कापडच जाळायचं?’’

‘‘...कापड.’’

अख्तरबींनी तस्बीह मांडीवर ठेवली. पेनड्राइव्हमध्ये एक प्रत होती, हे मला आठवलं. त्यावर मी शिवजयंतीला आधीचं सगळं पुसून कृष्णातच्या भाच्याच्या ट्रॅक्टरसाठी गाणी भरून दिली होती, हेही आठवलं. बारा वाजून गेले होते.

अख्तरबी अजिबात घाबरल्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ दे रं मशीन. वही दे माझी. आत्ताची यष्टी धरली तर चारच्या आत सांगली गाठती. मॅडमनी वही बगूनच तर सांगितलं हुतं.’’

तो मार्ग इतका सोपा आणि सरळ होता की मी त्या मोकळ्या फळीसमोर आडवा उभा राहिलो. कारण दिवाळीत रद्दीत गेलेल्या तीन पोत्यांपैकी दुसऱ्या पोत्यात ती वही होती. सगळं कम्प्युटरमध्ये उतरवून झालंय, आता जुन्या वहीचं काय काम, असं म्हणून मी स्वतःच्या हातानं ती टाकली होती. आठ दिवसांनी बसस्टँडवर भेळ घेतली, तर पुडी बत्तीस छातीच्या बेताची निघाली. मी भेळ खाल्ली आणि कागद खिशात घालून गुपचूप घरी आलो. तेव्हापासून अख्तरबींनी वहीचा विषय काढू नये म्हणून मी त्यांना रोज दोनदा चहा पाजत होतो.

‘‘वही ना,’’ मी म्हणालो. ‘‘वही हाय की.’’

‘‘कुटं?’’

‘‘गावातच हाय.’’

‘‘गावात कुनाकडं?’’

मी कृष्णातकडं पाहिलं. तो छताकडं बघायला लागला. शेवटी तोंडातून शब्द फुटले, ‘‘चाची, चुकलं माझं. वही रद्दीत गेली.’’

त्या रागावतील, रडतील, चप्पल काढतील, सगळ्याची मी तयारी ठेवली होती. अख्तरबींनी पिशवीत हात घातला आणि एक तेलकट कागद काढून माझ्यापुढं धरला. चार घड्या पडलेल्या, एका कोपऱ्याला चिंचेच्या पाण्याचा डाग. कॉलरची आकृती.

‘‘दिवाळीच्या मागनं नातीनं भेळ आनली, तवा आला ह्यो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी वळखलं. मग गाड्यावर जाऊन बगितलं, तर बाकीची पानं खपली हुती.’’

‘‘मग तुमी बोलला कशा न्हाई?’’

‘‘तू म्हनला हुतास, समदं कम्प्युटरात हाय. मी तुझ्या शब्दावर गप ऱ्हायली.’’

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चार महिने ही बाई रोज समोर बसून माझा चहा पीत होती. तिची चाळीस वर्षं भेळेत गेल्याचं तिला माहीत होतं आणि तिनं मला एका शब्दानं टोचलं नव्हतं. आता ती चाळीस वर्षं फक्त या डब्यात होती, आणि डबा उघडत नव्हता.

शेवटचा प्रयत्न म्हणून मी बटण दाबलं. रिकव्हरी मोड. चाक फिरायला लागलं. चाक फिरत राहिलं, पहिल्या वेळेइतकाच बराच वेळ. मला वाटलं, अकरा उदबत्त्यांचा गुण आला. अख्तरबी मणी ओढत होत्या. आणि मग पुन्हा सगळं गप्प.

मी उदबत्तीचा नवा पुडा फोडला. एकवीस लावायचा विचार होता.

‘‘थांब,’’ अख्तरबी म्हणाल्या. ‘‘पयल्या बारीला माझ्या सा माळा झाल्या. मग चार झाल्या. मग दोन. मग तर माळ अर्दीबी झाली न्हाई. आन आता परत सा.’’

‘‘म्हंजी?’’

‘‘मदी तू फोनला गेलास, मग वहीचं बोलत बसलास. अर्दा-पाऊन तास ते बंद हुतं. इसावा मिळाला, तर परत सा माळा चाललं. इसावा न्हाई मिळाला, तर लगीच पडतंय.’’ त्या खाली वाकल्या आणि सीपीयूच्या अंगावर तळहात ठेवला. ठेवला तसा उचलला. ‘‘हात लावून बग.’’

मी हात लावला. तव्यावर भाकरी टाकायच्या आधी हात धरतात, तसली धग.

‘‘लग्नसराईत माझ्या मोटारीच्या मशीनचं असंच हुतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन ब्लाउज झालं की मोटार बंद. थंड झाली की चालू. माझ्या मालकांनी दावलं हुतं. आत रव्याएवडा धागा न् धूळ साटली की वारं बसतंय, आन वारं बसलं की मशीन तापतंय. त्येला आजार न्हाई रं. त्येचा जीव गुदमरतोय. त्येला तू कुटंबी बसीव, रिकव्हरीत बसीव न्हाईतर पाळण्यात बसीव.’’

नऊ वर्षं मी त्या मशीनसमोर बसलो. शाहनवाजशी बोललो. पडद्यावरची प्रत्येक सूचना वाचली. अख्तरबींनी पडद्याकडं पाहिलंही नव्हतं. माळ ओढता ओढता त्यांनी मशीनची नाडी मोजली होती.

‘‘उगड आता त्येला.’’

‘‘चाची, ते उघडायचं नसतं. गॅरंटी जाते.’’

‘‘नऊ वर्सांची गॅरंटी कुटं असती व्हय रं?’’ कृष्णात कोपऱ्यातून म्हणाला.

अख्तरबींनी पिशवीतून इलाहीभाईंचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. त्याची लाकडी मूठ इतकी झिजली होती की तिच्यावर बोटांच्या जागा पडल्या होत्या. ‘‘आदी वायर काड,’’ त्या म्हणाल्या, आणि मी वायर काढल्यावरच हात घातला. चार स्क्रू फिरवले, ते शिस्तीत शालीच्या पदरावर ठेवले आणि बाजूचा पत्रा ओढला.

आधी वास आला. जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात येतो, तसा. मग राख आली. करड्या रंगाची, मऊ, भरपूर राख. तिनं टेबलाखालची फरशी झाकली आणि तरी ती येतच राहिली. पंख्याची पाती राखेच्या थरात रुतली होती. त्याच्याखाली धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा असतो म्हणे, गरम झालेल्या भागाला वारं देणारा. तो दिसतच नव्हता. राखेत चंदनाचा चिकट धूर मिसळून त्याचा लगदा बसला होता. आणि तळाला उदबत्तीच्या अर्धवट जळलेल्या काड्या. मी मोजल्या नाहीत. कृष्णातनं मोजल्या. तो सव्वीसवर थांबला.

अख्तरबींनी राखेकडं पाहिलं. जाळीत खोवलेल्या अकरा काड्यांकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं.

‘‘कंपनीच घालून देत असंल,’’ मी म्हणालो.

आतून रेश्मा आली होती. ती म्हणाली, ‘‘चाची, थांबा. मी फोटो काढते.’’

पुढचा तासभर दुकानात एकच माणूस बोलत होता आणि आम्ही तिघं कामं करत होतो. अख्तरबींनी शिलाई मशीनचा बारीक ब्रश काढला. पात्यापात्यातून, पट्टीपट्टीतून, खाली बसलेल्या बाळाचे केस विंचरावेत तशा नाजूकपणे त्या राख काढत गेल्या. ‘‘हितं जोर लावू नगो. हितं लाव. नाना, उजेड धर. आरं, माझ्या डोळ्यात न्हवं.’’ कृष्णातनं सायकलचा पंप आणला आणि फौजी शिस्तीत, त्या सांगतील तेव्हा आणि सांगतील तेवढाच वारा मारला. राखेचा ढग उठला. तो खाली बसला तेव्हा आमचे सगळ्यांचे चेहरे अंगारा लावल्यासारखे झाले होते. पंखा बोटानं फिरवून त्यांनी कान लावला. ‘‘कुरकुरतंय,’’ म्हणाल्या, आणि मध्यावरचं गोल कागदी झाकण उचलून मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. एकच. दुसरा थेंब कुपीच्या तोंडाशी आला होता, तो त्यांनी बोटानं परत टिपला. पंखा फिरवला. आवाज आला नाही.

आठ महिने मी त्यांचं सांगणं टाइप करत होतो. ‘हात हलका ठेवावा’ असं मी पन्नास वेळा तरी लिहिलं असेल. हलका हात म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

सव्वातीन वाजता पत्रा परत लागला. मी बटण दाबलं. मशीननं आवाजच केला नाही, तेव्हा वायर लावलीय का ते मी वाकून पाहिलं. नऊ वर्षं जी घरघर मी मशीनची ताकद समजत होतो, ती खरी तर त्याची धाप होती, हे लक्षात यायला एक क्षण लागला. रिकव्हरी मोड सुरू झाला. चाक फिरायला लागलं. अख्तरबी माळ ओढू लागल्या. रेश्मा पदराचं टोक चावत उभी. सहा माळा झाल्या. सात. आठ. कृष्णात उठून सावधानमध्ये उभा राहिला होता. दहाव्या माळेला पडदा उजळला आणि जोतिबा दिसले.

माझा हात आपोआप उदबत्तीच्या पुड्याकडं गेला. अख्तरबींनी मनगट धरलं. चांगलं घट्ट.

फाइल उघडली. शहाण्णव पानं, एकशे बारा आकृत्या, पाठीला बाक असलेल्या बाईसकट सगळ्या जागच्या जागी. रेश्माच्या मोबाइलचं नेट घेतलं आणि तीन वाजून सदतीस मिनिटांनी पुस्तक सांगलीला गेलं. चारला आठ मिनिटं कमी असताना समीक्षा मॅडमचा फोन आला, ‘‘मिळालं. बैठकीत ठेवते.’’ साडेपाचला दुसरा आला. पुस्तक मंजूर, यंदापासून.

मी फोन अख्तरबींकडं दिला. त्यांनी ऐकून घेतलं, ‘‘बरं’’ म्हणाल्या, फोन परत दिला. मग शालीचा पदर तोंडावर घेतला. कृष्णातनं पंप उचलला आणि बाहेर गेला. मला वाटतं, त्यालाही काहीतरी झालं होतं.

दोन महिन्यांनी पुस्तक छापून झालं. छापलं अर्थात मीच. जीव ओतून छापलं. पहिली प्रत मी अख्तरबींच्या हातात दिली तेव्हा त्यांनी आधी हात धुतले, पुसले. मुखपृष्ठावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत त्यांनी नाव वाचलं, ‘अख्तरबी इलाही शिकलगार.’ ‘इलाही’पाशी बोट जरा जास्त वेळ थांबलं. मी म्हटलं, आता आपल्या कामाचं कौतुक होणार. मी कॉलर नीट केली.

त्यांनी पुस्तक उघडलं. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसरं डोळ्यांपासून लांब धरलं. गळ्यातली टेप काढली. पानाच्या डाव्या कडेला लावली, मग उजव्या कडेला लावली.

‘‘नाना,’’ त्या हळूच म्हणाल्या, ‘‘समदी छपाई पाव इंच डाव्या अंगाला गेलीया.’’

‘‘काहीतरीच काय चाची. पंधरा वर्षं छापतोय मी.’’

‘‘आसंल. पन पाव इंच गेलीया.’’ आणि पुस्तक छातीशी धरून त्या हसल्या. ‘‘ऱ्हाऊ दे. लय ग्वाड झालंय.’’

त्या गेल्यावर मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि पट्टी घेऊन मोजलं. पाव इंच. बरोबर पाव इंच. मग भिंतीवर नमुन्याला लावलेल्या लग्नपत्रिका उतरवल्या आणि एकेक मोजली.

तर मंडळी, गेल्या पंधरा वर्षांत उंब्रज परिसरात झालेली सगळी लग्नं माझ्या हातून पाव इंच डावीकडं सरकलेली आहेत. सगळ्यांचे संसार चाललेत ठीक. कृपा करून कुठं बोलू नका.